पिक्चरमध्ये मेलेल्या दाजींना पत्र

बोरी बुद्रुक,
शिमग्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी,

मेहुणा रामनाथ (अजून मानत असाल तर) याचा बोरीहून दंडवत. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. कांदा काढणीला आलाय आणि आईचे गुडघे सोडले तर घरात कुणाची तक्रार नाही. तिकडे तळेघरला तुमची तब्येत, ताईची तब्येत आणि दिवाळीत व्यालेल्या म्हशीची तब्येत कशी आहे ते कळवावं. कळवाल असं वाटत नाही, पण विचारायची रीत आहे. फोन तुम्ही उचलत नाही. घरच्या ग्रुपमधून तुम्ही ऐन संक्रांतीला बाहेर पडलात (त्यानंतर तिथे तिळगुळाचे सव्वाशे फोटो आले, त्यामुळे सुटलात असंही म्हणता येईल). राहिला पोस्टमन. त्याला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद.

जयाताईनं चोरून एकच निरोप धाडला होता: "खराट्याचं लई मनाला लागलंय. बोरीत पाय ठेवणार न्हाई म्हनत्यात, आन् मलाबी जाऊ देत न्हाईत." जत्रा तीन आठवड्यांवर आली, दाजी. आई रोज संध्याकाळी एस.टी. थांब्याच्या बाजूचं दार उघडं टाकून बसते आणि वारा येतो म्हणून सांगते. वारा त्या बाजूनं येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा खराटा प्रकरणाचा एकदाचा निकाल लावावा म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मूळ दोष आमच्या चुलतभावाच्या सुदर्शनचा. तो पुण्याला सिनेमाचं शिकतो, म्हणजे काय शिकतो ते त्याच्या बापालाही अजून कळलेलं नाही. दिवाळीला आला तो डोक्यात पिक्चर घेऊनच. त्याचं म्हणणं, उसात एक मोबाईल सापडतो, त्यात मेलेली माणसं उठून अंगावर येतानाचं, एका पोरानं स्वतः मरेपर्यंत केलेलं शूटिंग असतं, आणि तेच आपण जसंच्या तसं दाखवायचं. यात कॅमेरा हलला तरी चालतो, माणूस अर्धाच दिसला तरी चालतो, आवाज आला नाही तरी चालतो. (थोडक्यात, पैसे नसतील तर काय काय चालतं याचा हा शास्त्रशुद्ध प्रकार आहे.) तुम्ही भाऊबीजेला ताईला घेऊन आलात आणि ओवाळणी होते न होते तोच त्यानं तुम्हाला धरलं. मेलेला माणूस चालायला लागला तर कसा चालेल, एवढंच त्यानं विचारलं होतं. तुम्ही सुपारी बाजूला ठेवून उठलात आणि ओटीवरून अंगणापर्यंत असे काही चाललात, की पोरगं हात जोडून उभं राहिलं. कंबरेत मोडलेले, मान पुढे, पाय आपले नसल्यासारखे. वर म्हणालात, "यात काय न्हाई राव. चार दिस भाताची लावणी करायची आन् शेवटची यष्टी चुकवायची. आमचं अख्खं गाव असंच चालतं."

शूटिंग दुपारी दोन ते पाच. बिबट्यामुळे आपल्याकडे दिवेलागणीनंतर कुणी उसाकडे फिरकत नाही, त्यामुळे ऐन उन्हात कामाला निघणारी भुतं फक्त आपल्याच तालुक्यात झाली. रक्तासाठी आईनं स्वतःच्या हातानं टोमॅटो चिरडून त्यात काकवी कालवून दिली. ती तुमच्या अंगावर ओतल्यावर मुंगळे आले, आणि मेल्यावर तुम्ही पडल्या पडल्या जे खाजवलंत ते आजही पिक्चरमध्ये आहे. मी राखणदार. मी तुम्हाला खोऱ्यानं मारायचं असं ठरलं होतं. खोरं थर्माकोलचं केलं होतं, पण ते वाऱ्यानं उडून विहिरीत गेलं. खरं खोरं घेतलं असतं तर आज मी हे पत्र तुरुंगातून लिहिलं असतं. म्हणून गोठ्यातला खराटा घेतला. लागू नये एवढाच हेतू. दाजीला खराटा मारणं म्हणजे काय, हे तुमच्या पाठीत तिसरा फटका बसेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही. (पहिले दोन सुदर्शनला पसंत पडले नव्हते.) तुम्ही तेव्हा हसलात, वर दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्यात.

आता भोगीच्या दिवसाचं. समाजमंदिराच्या खिडक्यांना बारदान लावून भरदुपारी अंधार केला होता आणि भिंतीवर आमची नवी चादर ताणली होती. सुदर्शननं मोबाईलवरून सगळ्यांना 'झोंबीचा पिक्चर' असं आवतण धाडलं. त्यामुळे आपले कुस्तीवेडे चांगदेवअण्णा झोंबी म्हणजे कुस्त्या बघायला मिळतील म्हणून पटका बांधून पहिल्या खुर्चीत येऊन बसले. अर्धा तास झाला तरी कुणी कुणाला चीत करेना, म्हणून त्यांचं डोकं फिरलं. बाकी गावाला शंका दोनच. पहिली, ज्याचा मोबाईल सापडला त्याला तो परत केला का? दुसरी, मेलेली माणसं मुळात चालतात का? (मरण समोर आलं तरी तो पोरगा शूटिंग का करत राहतो, असं मात्र एकानंही विचारलं नाही. बिबट्या आल्यावर आपली पोरं काय करतात ते सगळ्यांनी पाहिलंय.) दुसऱ्या शंकेचा उलगडा अण्णांनी केला. ते उठून म्हणाले, "आरं, यांच्या दहाव्याला कावळा शिवला नसंल! इच्छा ऱ्हायलीय काहीतरी." झालं. तिथून पिक्चर भीतीचा राहिला नाही, चौकशीचा झाला. पडद्यावर एकेक मेलेला आला की लोक त्याची राहिलेली इच्छा ओळखू लागले. भागूला बोअरचं पाणी, गोरखला बायको. आणि मग उसातून दोन्ही हात वर करत तुम्ही आलात. इतके मेलेले वाटत होता, की पुढे बसलेली पोरं मागे सरकली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "दाजींचा फेटा ऱ्हायलाय!"

सगळं समाजमंदिर हसलं. मीही हसलो, लपवत नाही. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मानाच्या रांगेत सगळ्यांना फेटे बांधले, एक कमी पडला, आणि आमच्या अल्बममध्ये त्या रांगेत तुमचं एकट्याचं डोकं बोडकं आहे, हे गावाला पाठ आहे. तर तुम्ही उठलात. उपरणं खांद्यावर टाकायला दोन्ही हात वर केलेत, मागून प्रोजेक्टरचा उजेड, आणि तुमची सावली पडद्यावरच्या तुमच्यावर जाऊन पडली. ते बघून कुणीतरी ओरडलं, "आला!" आता आपल्या तालुक्यात 'आला' म्हटल्यावर कोण आला हे कुणी विचारत नाही. निम्मं गाव बिबट्या समजून बाहेर पळालं, उरलेलं तुम्हाला बघून. त्या गोंधळात तुम्ही ताईला घेऊन निघालात ते थेट मंचरच्या गाडीत. भोगीची भाजी, तीळ लावलेली भाकरी, सगळं ताटात तसंच राहिलं.

पण अण्णांच्या बोलण्याचा तुम्हाला राग नाही, राग फक्त खराट्याचा आहे, असं ताईच्या निरोपावरून दिसतं. तेव्हा मी खराट्याचीच माफी मागतो. तो खराटा मी जाळून टाकलाय. (नवा आणावा लागला, पण तो विषय वेगळा.) आता राग सोडावा आणि दोघांनी जत्रेला यावं. थोरांना नमस्कार, म्हशीला वैरण.

तुमच्याच हातून मरता मरता वाचलेला (पिक्चरमध्ये),
रामनाथ

ता. क. : पत्र लिहायला सुदर्शननं बसवलं हे सांगायला हवं. त्याला दुसरा भाग काढायचाय. भागूला चालवून बघितलं, तर तो मेलेला वाटत नाही, प्यालेला वाटतो. सुदर्शन म्हणतो, दाजींसारखं मरण दुसऱ्या कुणाला जमणार नाही. जत्रेला येताना दोन दिवस जास्त काढून या.

ता. क. दुसरा : बायकोनं, म्हणजे स्नेहलनं, वरचं सगळं वाचलं आणि मला विचारलं, तुम्हाला लाज आहे का? खराट्यावर चार पानं लिहिलीत आणि खरं तेवढं सोडलंत. तर खरं लिहितो. तुम्ही गेल्यावर बिबट्या नाही हे कळून लोक परत आले आणि पिक्चर पुढे सुरू झाला. मी खराटा घेऊन आलो, तुम्ही पडलात. आणि आई उठली. रक्त तिनेच कालवलेलं, मारणारा तिचाच मुलगा. खोटं आहे हे तिला कळत नव्हतं असं अजिबात नाही. तरी ती चादरीपुढे जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं रडायला लागली. कुणी हसलं नाही, अण्णाही नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आणि माझं ताट स्नेहलला वाढायला सांगते. तुम्ही आलात तर माझं ताटही परत तिच्या हातचं होईल, हाही एक हेतू आहेच.

लोक कसे घाबरतात ते बघायला सुदर्शननं खिडकीत दुसरा मोबाईल चालू करून ठेवला होता. पळापळीत तो खाली पडला आणि तसाच चालू राहिला. परवा समाजमंदिरातल्या कपाटाखाली सापडला. त्यातलं कार्ड या पानाच्या मागे चिकटपट्टीनं लावलंय, ताईच्या मोबाईलमध्ये बसेल. चेहरा कुणाचाच दिसत नाही, नुसते खुर्च्यांचे पाय आणि आईची पावलं. पण आवाज ओळखाल. ती म्हणते, "माझ्या जावयाला फेटा न बांधताच धाडलं रं! म्याच म्हनलं व्हतं, मंचरचा अडत्या परका हाय, त्याला बांधा. दाजी काय, घरचाच हाय."

फेटा नेमका तुमच्यापाशी येऊन संपला असं आम्ही सगळे अकरा वर्षं समजत होतो.

ता. क. शेवटचा : हे ऐकलंत असं आईला कळू देऊ नका. रडल्याचं ती कबूलच करत नाही, डोळ्यात तीळ गेला म्हणते. पण गेल्या बाजाराला ती दुखऱ्या गुडघ्यांनी एकटी मंचरला जाऊन आली, आणि गव्हाच्या कोठीमागे एक पिशवी ठेवलीय. मी उघडून पाहिली. लाल आहे, जरीच्या काठाचा. जत्रेला येताना डोक्याला काही घालून येऊ नका.