दाराशिवायची खोली

प्रिय धाकट्या,

तुझ्या वहिनीने लॅपटॉपवर एक खेळ घेतलाय. त्यात आपण घर बांधायचं आणि चिमुकली माणसं तिथे राहायला येतात. जेवतात, झोपतात, रुसतातसुद्धा. म्हटलं, जन्मभर गवंडीकाम केलं, हे काय अवघड! खपून घर उभं केलं, स्वयंपाकघरात भरपूर उजेड घेतला आणि ऐटीत वहिनीला दाखवायला बसलो. तर आतली माणसं भिंतीला चिकटून हातवारे करायला लागली.

"अहो, त्यांना बाहेर पडायला दार कुठंय?" वहिनी म्हणाली.

मी बोलून गेलो, "धाकटा बसवेल ना."

सुतारकाम तुझं. दाराची खूणही नेहमी तूच करायचास. खूण दिसली नाही, म्हणून मी आपला चारी बाजूंनी भिंत घालत गेलो. वहिनी हसली नाही. आईच्या घराच्या वाटणीवरून आपण बोलणं टाकलं, त्यानंतर आमच्या घरात तुझा विषय पहिल्यांदाच निघाला.

तिने दार बसवून माणसांना मोकळं केलं. मग मी मागच्या अंगाला आणखी एक खोली काढली, तुझ्यासाठी. त्या खोलीला मात्र दार बसवू दिलेलं नाही.

हे पत्र टाकत नाही. तू वाचशील आणि उत्तर द्यायचं टाळशील, तुला ओळखतो मी. त्यापेक्षा रविवारी लॅपटॉप घेऊन आम्ही दोघं तुझ्याकडेच येतो. वहिनीला काही तू दारातून परत पाठवायचा नाहीस.

खूण कुठे करायची, तेवढं दाखव.

तुझा,
दादा