खांद्याएवढा खड्डा

१२ जाने., सोम.
फिजिओताई आजही हात हलवत परत गेल्या. ह्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. जिन्यात मला म्हणाल्या, "काकू, उजव्या हाताला अजून जाणीव नाही, पण म्हणून तो गेला असं नाही. हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. त्यांना स्वतःला वाटलं पाहिजे." वाटलं पाहिजे म्हणे. मेडिकलमध्ये मिळतं का ते?
अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झाले. पाय ओढत का होईना, संडासला एकटे जातात. हात मात्र मांडीवर नुसता ठेवलेला. ह्याच हातानं पस्तीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांचं डेंटिंग केलं. पार वर्तकनगरहून लोक गाड्या घेऊन मानपाड्याला यायचे, विलासशेठचाच हात लागला पाहिजे म्हणून.

१४ जाने., बुध. संक्रांत
मनाली कोपरीहून आली. बाबांच्या तोंडात तिळगूळ घातला, त्यांनी बाहेर काढून बशीत ठेवला. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मग माझ्यावर घसरली. "आई, ते खालचं धूड आधी भंगारात दे. पार्किंगमध्ये आलं की तिकडे बघवत नाही मला."
धूड म्हणजे ह्यांची गाडी. जुना छोटा टेम्पो आणि त्याच्या पाठीवर निळ्या फोमचे तक्ते चिकटवून केलेली खोली. आत दोघांपुरती झोपायची फळी, शेगडीचा कट्टा, एक खिडकी. गॅरेज सोडल्यापासून वर्षभर दुसरं काही नाही. दापोलीला जायचं, समुद्राजवळ गाडी लावायची आणि सकाळचा चहा ह्यांनी करून मला द्यायचा. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं एकदा चहा केलेला नाही.
आम्ही स्वयंपाकघरात बोलत होतो. आतून आवाज आला, "गा...डी." धावत गेले. तोंड पुन्हा भिंतीकडे. आठवड्यात एवढा एकच शब्द.

१५ जाने., गुरु.
गाडीची किल्ली घेऊन मी खाली गेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.
झटका आला तेव्हा हे गाडीतच होते. उजव्या अंगानं भिंतीवर आदळले. फोमच तो, खांद्याचा खड्डा जसाच्या तसा उमटलाय. त्याखाली घसरत गेल्याची लांब घळ. आदळण्यानं वरचा सांधाही उकललाय, छपराखाली बोट जाईल एवढी फट.
आता लिहूनच टाकते. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी म्हणाले होते, जाळून टाका ते थर्माकोलचं मखर. हे तडक खाली गेले. अर्ध्या तासात शेजारचे धावत आले. मनालीला हे सांगितलेलं नाही, सांगायचं धाडस नाही.
गाडी दुरुस्त करायची. ह्यांना खाली आणून दाखवायची. मग उठतील. नाही उठले तर काय, ते माहीत नाही. मला दुसरं काही सुचतच नाही.

१८ जाने., रवि.
घात केला मी.
माळ्यावर गॅरेजचं सामान आहे. त्यातून पत्र्याचे पोचे बुजवायच्या पुट्टीचा डबा आणि ती घट्ट करणारा हार्डनर काढला. ह्यांना हजारदा कालवताना बघितलंय, त्यात काय मोठंसं. मऊसूत कालवली, खड्ड्यात भरली, पात्यानं सपाट केली. इतकी छान बसली की स्वतःवरच खूश झाले. वर येऊन पोळ्या केल्या, ह्यांना भरवलं (तीन घास), परत खाली गेले. बघते तर पुट्टी आत खचलेली. फोम खाल्ला तिनं! खांद्याएवढ्या खड्ड्याचं ताटाएवढं भगदाड झालंय, कडा वितळून चिकट झाल्यात. वास तर डोक्यात जातो.
फळीवर बसून रडले. तोंडानं जाळा म्हणाले होते, आता हातानंच जाळली.

१९ जाने., सोम.
नानांना फोन केला. नाना म्हात्रे, ह्यांचे गॅरेजातले भागीदार, मानपाड्याचेच. लगेच आले. भगदाड बघून कपाळाला हात. "वयनी, यो काय पत्रा हाय? पत्र्याची पुट्टी फोमला खाते. विलासला इचारायचं होतं ना."
म्हटलं, "नाना, हे बोलतात का?"
नानांनी कटर काढला. मग फोमच्या तुकड्यावर सगळं करून दाखवलं. जळलेलं सगळं कटरनं कापून काढायचं, चांगला फोम लागेपर्यंत. चौकोन करायचा. तेवढाच तुकडा पांढऱ्या गोंदानं बसवायचा. मधल्या फटींत फोमचा भुसा गोंदात कालवून भरायचा. वाळलं की पॉलिश पेपरनं घासायचं. शेवटी गोंदात भिजवलेलं मांजरपाटाचं कापड आणि त्यावर रंग. स्वतःच कटर घेऊन बसायला लागले. मी नको म्हटलं. माझी करणी, मीच निस्तरते.

२३ शुक्र.
कापायला धीर होत नव्हता. भगदाड आधीच एवढं, त्यात आणखी कापायचं. कापलं शेवटी. पहिला तुकडा लहान झाला, दुसरा वाकडा, तिसरा कसाबसा बसला. दोन बोटांना पट्ट्या. हे बघतात, विचारत नाहीत. हाताचा व्यायाम आजही नाही.

२६ सोम.
छपराखालची फट. नानांनी फवाऱ्याच्या फोमचा डबा आणून दिला, "थोडा थोडा मारा" म्हणाले. मला घाई. अख्खी फट एका दमात भरली. नंतर तो फुगायला लागला तो थांबेचना. उकललेला सांधा आणखी उचलला. सोसायटीचे सेक्रेटरी तिथूनच चालले होते. "वहिनी, छपरातून इडल्या येतायत की हो!" हसले मी. मग तिथंच रडायला लागले, तर बिचारे घाबरून पाणी घेऊन आले.
सगळं कापून पुन्हा भरायचं. जिथं हात लावते तिथं आधी वाटोळं होतं.

३० शुक्र.
हा दिवस कुणाला दाखवू नये.
दुपारी ह्यांनी ताट सारलं. म्हणाले, "मला... ठेव... कुठं... तरी." चार शब्दांना किती वेळ लागला. मी ओरडले, "कुठं ठेवू? माळ्यावर?" मग भडाभडा सगळं सांगितलं. मी गाडीला हात लावला, पुट्टी भरली, फोम जळला, आता तुकडा बसवलाय, तुम्ही एकदा खाली चला. वाटलं होतं, ऐकून डोळ्यांत काहीतरी येईल. आलं. राग आला. "को... कोणी... सांगितलं!" डाव्या हातानं ग्लास भिरकावला. मग पांघरूण तोंडावर.
ही माझी दुरुस्ती. काचा वेचल्या. वाटलं, आपणही असंच पांघरूण घेऊन पडावं, बघू दे मनालीला दोघांचं.

३ फेब्रु., मंगळ.
हे बोलत नाहीत. मी तरी खाली जाते. आशा म्हणून नाही. तिथं निदान श्वास घेता येतो. मांजरपाट लावलं, सुरकुत्या काढायला अख्खी सकाळ गेली.
फिजिओताई म्हणाल्या, आठवड्यातून एकदाच येऊ का? म्हणजे त्यांनीही सोडलं. सोमवारी या म्हटलं.

८ फेब्रु., रवि.
सकाळी भाजी निवडत होते. दाराशी खुडबुड ऐकू आली. बघते तर हे चपला घालायच्या खटपटीत, एक पाय उलट्या चपलेत. मी विचारलं नाही, कुठं म्हणून. नानांना फोन केला. एकच मजला उतरायचा, पण उतरेपर्यंत तिघंही घामाघूम.
गाडीत आले. भिंतीकडे बघत राहिले. मी दारात, नाना माझ्यामागे. मग ह्यांनी डोळे मिटले. डेंटर माणूस पत्रा डोळ्यांनी बघत नाही, तळव्यानं बघतो. मला वाटलं, डावा हात लावतील. नाही. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, उचललं, तो तळवा भिंतीवर ठेवला आणि फिरवायला लागले. सावकाश. जोडाच्या रेघेवरून गेला, थांबला नाही. मांजरपाटाच्या कडेवरून गेला, थांबला नाही.
खिडकीखाली एका जागी मी पॉलिश पेपर जरा जास्त घासलाय. तळव्याएवढं खोलगट राहिलंय. वर मांजरपाट आणि दोन हात रंग, दिसत नाही. मी कुणाला सांगितलंही नाही.
तिथं हात थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा तिथंच थांबला.
"अहो, हाताला जाणवलं का काही?" मी विचारलं. ह्यांनी डोळे उघडले, फळीवर बसले, धापा टाकत राहिले.
डावा हात दमला असेल. मनगट धरून धरून दमणारच. पण दोन्ही वेळा तिथंच?
वर येऊन मुगाची खिचडी खाल्ली, स्वतःच्या हातानं, डाव्या. आता झोपलेत. उद्या फिजिओताई येणार. त्यांना सांगू? त्यांनी टाचणी टोचून बघितली आणि ह्यांना काहीच कळलं नाही, तर?
निघताना नानांनी खिडकीखाली हात फिरवून बघितला. "हाय वयनी, खोल हाय. उद्या येऊन भरून टाकू काय?"
म्हटलं, राहू दे.