तेजूचं गणित आणि माझी क्वालिटी तपासणी

ती. अक्कास,

धाकट्या ज्ञानूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली खिडकीत शोभेला ठेवली आहेस? आम्ही तिघं बरे आहोत. (कंपनीच्या बसमध्ये लिहितोय, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये. अक्षर हललं तर तो खड्डा समज.) फोनच केला असता, पण दोन खोल्यांत तेजू सगळं ऐकते, आणि विषय तिचाच आहे.

नववीच्या पालकसभेत मी उभा राहिलो आणि ठणकावून म्हणालो, पोरीला बाकी विषयांत सत्तर आणि गणितात चाळीस, म्हणजे गणिताचं शिकवणंच कच्चं! गणिताच्या मिनल मॅडमनी अख्ख्या वर्गाच्या गुणांचा कागद माझ्या हातात ठेवला. (तुझ्या भावजयीने, दिपालीने, खालून माझा शर्ट ओढला. बटण तुटलं.) आता अठरा वर्षं चाकणला क्वालिटीत काढलेला माणूस मी. चार मशीनवरच्या नगांची सरासरी थोडी इकडेतिकडे असतेच. तो फरक खरा की रोजचाच चढउतार, हे तपासल्याशिवाय मी कुठल्या मशीनला नावं ठेवत नाही. विषयांनाही तोच न्याय. जेवणाच्या सुट्टीत बेचाळीस पोरांचे सहा विषयांचे गुण कॉम्प्युटरवर चढवले. वर्गाच्या विषयवार सरासऱ्यांत फरक निघाला नावापुरता. एकेका पोराचे गुण जेवढे वरखाली होतात, त्यात तो कुठल्या कुठे बुडून गेला. मॅडम निर्दोष. मग एकट्या तेजूच्या वर्षभराच्या चाचण्या घेतल्या. तिथे मात्र गणित खरंच खाली पडलेलं.

अक्का, पोरीला डिप्लोमा करायचाय, आणि परवा म्हणाली, "पप्पा, गणित माझ्या डोक्यातच नसेल." हे एकदा मनात बसलं की संपलंच.

आमच्या लाइनवरचे हिंदुराव मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "साहेब, बाकीचे विषय घरी कोण घेतं तिचे?" म्हटलं, कोणी नाही, तिची तीच करते. "आणि गणित?" मी डब्याचं झाकण लावलं. (गणित मी घेतो. रोज तासभर. आवाज जरा चढतो, पण मशीनशेजारी राहून तशी सवयच झाली आहे.) माझ्या ओरडण्याने गडबडतेस का, असं घरी येऊन तेजूला विचारलं तर म्हणाली, तुम्ही एवढे दमून येऊन शिकवता, कसं सांगू? दुसऱ्या दिवशी जाऊन मॅडमची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, त्याने जास्तच लाज वाटली.

तुझा,
ज्ञानू

ता. क. खरं काम हे, की मे महिन्यात तेजूला तुझ्याकडे औशाला धाडतो. मला चिंचोके मांडून, न ओरडता शिकवलंस तसं तिला शिकव. कल्पना माझी आहे हे तिला सांगू नकोस.

ता. क. २ आत्या, पप्पांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. मी येते. पण एवढं सगळं तपासताना माझा आवडता विषय कुठला, हे पप्पांनी विचारलंच नाही. गणित. दिवसातला तेवढाच तास पप्पा माझ्याजवळ बसतात. त्यांनाही बोलाव, नुसतं बसायला. तुझी, तेजू