शांत बसण्याचं टाइमटेबल

१७ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ११.
अंपारोच्या गावी पोचलो. सेव्हिलहून एक तास बावन्न मिनिटं. गेल्या वर्षीपेक्षा सहा मिनिटं कमी. अंपारो म्हणाली, मग ती सहा मिनिटं आता कुठे ठेवणार आहेस? माझ्या बायकोला वेळेची किंमत नाही. मी एकतीस वर्षं शहराच्या बसगाड्यांचं टाइमटेबल करतोय, मला आहे.
संकल्प : बारा दिवस पूर्ण आराम. आरामाचा प्रोग्रॅम तयार आहे. चौदा पानं. आठ समुद्रकिनारे, सहा डोंगरगावं, रोमन अवशेष दोनदा.

त्याच संध्याकाळी.
ऊन उतरलं की इथली अख्खी गल्ली दारात खुर्च्या टाकून बसते आणि काहीही करत नाही. अंपारोनंही दोन वेताच्या खुर्च्या टाकल्या. मी विचारलं, साधारण किती वाजेपर्यंत? समोरच्या दारातून त्रिनीमावशी (वय ८४, जीभ विशीतली) म्हणाली, का रे बाल्दो, गाडी सुटतेय का तुझी? बसलो. नऊ मिनिटांनी उठलो, टायरमधली हवा बघायची होती.
आत आल्यावर अंपारो म्हणाली, थोरली मावशी गेल्यापासून हे घर माझ्या नावावर आहे, शाळेतली नोकरीही जूनमध्ये संपली. या बारा दिवसांत एक संध्याकाळ, एकच, खुर्चीवरून न उठता माझ्याशेजारी बस. बसलास तर येते सेव्हिलला. नाहीतर मी राहते इथेच, तू जा. आवाज चढवला नव्हता, म्हणजे गंमत करत असणार. पान सातवर पेन्सिलीनं नोंद केली : बसणे.

१९ ऑगस्ट, सोमवार.
किनारे : तीन. प्रत्येकी पस्तीस मिनिटं. समुद्र चांगला आहे. तिसऱ्या ठिकाणी अंपारोला पोहायचं होतं, पण तिनं कपडे बदलण्यातच अकरा मिनिटं घालवली. वेळ संपला. परतताना मागच्या सीटवर जाऊन बसली. दमली असेल.
खुर्ची : सतरा मिनिटं. प्रगती आहे. मग डेपोत फोन करायला उठलो. माझा सहायक पेलायो म्हणाला, सगळं मस्त चाललंय साहेब, तुम्ही मजा करा. नक्की काहीतरी लपवतोय.

२१ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ४.१०.
गाडीतच बसून लिहितोय. डोंगरगाव क्रमांक दोन. फोननं जवळची वाट दाखवली, ती घेतली. वाट अरुंद होत गेली आणि आता दोन्ही आरसे दोन्ही भिंतींना टेकलेत. दारं उघडत नाहीत. सगळं गाव दुपारचं झोपलंय. हॉर्न वाजवला. वरच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, सहानंतर या. म्हटलं, बाई, मी आलेलोच आहे! तिनं खिडकी लावून घेतली.
अंपारो मागच्या सीटवरून डिकीत आणि डिकीतून बाहेर गेली. कॉफी प्यायला जातेय म्हणाली, तू बस आता शांत. मी ओरडून विचारलं, हे बसणं धरायचं का? म्हणाली, शेजारी कोण आहे?
तांत्रिक मुद्दा. पण मान्य.

२३ ऑगस्ट, शुक्रवार.
लेवांते सुटला. हा पूर्वेचा वारा एकदा सुटला की किनाऱ्यावर वाळूच तोंडात जाते. खुर्च्या आत. तेव्हा ही संध्याकाळ बारा दिवसांत धरू नये. हॉलमध्ये एकशे चाळीस फेऱ्या मारल्या. अंपारो म्हणाली, फरशी झिजेल रे.

२५ ऑगस्ट, रविवार.
सगळी दुपार वाया!
सकाळी निवडुंगाची बोंडं काढायला गेलो (प्रोग्रॅम पान नऊ, ग्रामीण अनुभव). अंपारोचा भाऊ फ्रास्कितो शेळ्या घेऊन चालला होता. म्हणाला, अहो दाजी, वाऱ्यात निवडुंगाच्या वाटेला जाऊ नका, आमच्या शेळ्यासुद्धा जात नाहीत. हसलो. मीही याच मुलखातला, मला कोण शिकवणार? हातमोजे होते, लांब चिमटा होता. वारा पाठीवर घेऊन उभा राहायचं, हे शास्त्र मला ठाऊक होतं. वाऱ्यानं मध्येच तोंड फिरवलं. मग मी पाठ फिरवली. मग पाठीत.
बोंडांवरचे काटे केसाहून बारीक, वाऱ्यावर उडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. दुपारी एकपासून स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर उघडाबंब बसलो होतो आणि अंपारो चष्मा लावून एकेक काटा उपटत होती. चार तास. हललो की टपली. गुणगुणत होती. लहानपणी वडील तिला बोंडं सोलून द्यायचे, पहिलं नेहमी तिलाच, हे तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, आपण पहिल्यांदा इथे आलो ते आठवतं? म्हटलं, न आठवायला काय, बस चाळीस मिनिटं लेट होती. इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिला असं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.
पाचला म्हणाली, वारा पडलाय. खांद्यामागचे थोडे राहिलेत तेवढे काढते, आणि असेच जाऊन बसू दारात. पण रोमन अवशेष बंद व्हायला पन्नास मिनिटं होती. उठलो. सदरा चढवला. बोंब मारली. गेलो.
अवशेष बंद होते. रविवारी लवकर बंद करतात. चौकशी करायला हवी होती.

२७ ऑगस्ट, मंगळवार.
हिशेब केला. परवा अख्खा देश सुट्टीवरून परत निघणार. म्हणून उद्या पहाटेच निघायचं. म्हणजे आजची संध्याकाळ शेवटची. आज बसणारच! आठ वाजता बाहेर आलो. दारात एकच खुर्ची, तिच्यावर अंपारो. म्हटलं, माझी कुठाय? म्हणाली, आत ठेवली, तुला सारखं उठायचा त्रास नको. त्रिनीमावशी म्हणाली, जा बाबा जा, गाडी चुकेल. कुणीच हसलं नाही.
सामान बांधलं. माझंच. तिची बॅग कपाटावरच आहे. चार दिवसांत येईल.

२८ ऑगस्ट, बुधवार.
पहाटे सहाला निघालो. अंपारोनं दारात डबा दिला. बटाट्याचं ऑम्लेट, अजून गरम. म्हणाली, सावकाश जा. म्हटलं, रविवारी घ्यायला येतो. म्हणाली, घ्यायला नको, बसायला येणार असशील तर ये.
एक तास एकेचाळीस मिनिटं! विक्रम. सांगायला फोन केला. उचलला नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार.
डेपोत गेलो. पेलायोनं कॉफी पाजली आणि परत पाठवलं. साहेब, तुमची सुट्टी सोमवारपर्यंत आहे म्हणाला. काहीही लपवत नव्हता. गाड्या वेळेवर आहेत.
संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकली. मग दुसरीही टाकली. तिच्यावर रिकामा डबा ठेवला. बसलो. ऊन पार जाईपर्यंत एकदाही उठलो नाही. दोन तास दहा मिनिटं.
धरता येणार नाही. तांत्रिक मुद्दा.
उजव्या खांद्यामागे एक काटा राहिलाय. चिमटा शोधून काढला. हात पोचत नाही.