प्रस्थानाच्या दोन सायकली

मार्गशीर्ष शु. द्वितीया, जळकोट

आई तुळजाभवानी, शब्द तुझे, हात तेवढा माझा. लिहिताना अहंकार आड येऊ देऊ नकोस.

आज प्रस्थान ठेवले. निघण्याच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या शुभवेळी प्रवासातील एखादी वस्तू जायच्या दिशेकडील घरी नेऊन ठेवावी, असे शास्त्र आहे. तेथून ती पुढेच जाते, माघारी आणायची नसते. आम्ही वस्तू म्हणून सायकलीच नेल्या. मी व माझा जुना मित्र, किराणा दुकानदार मल्लाप्पा, दोघेही सायकल मारीत नळदुर्गला, आक्काच्या घरी. थोरली बहीण पश्चिमेला राहते, हे सोयीचे.

पौर्णिमेला त्र्यंबकहून सायकलस्वारांची एक मंडळी गोदावरीच्या काठाने थेट समुद्रापर्यंत निघणार आहे. त्यांत वयाने सर्वांत मोठे आम्ही दोघे.

मी माझ्या हँडलला कुंकू लावले. मल्लाप्पाने सीटखालच्या दांडीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. म्हणाला, "आमच्यात मुहूर्त न्हाय गुरुजी. बसवण्णाचं नाव घ्याचं अन् पायडल हानायचं. पर तुमच्या संगतीनं आमीबी बिघडलो."

आक्का म्हणाली, "दोगं म्हातारे येडे झालेत. समुद्र काय पळून चाललाय व्हय?"

येताना एस.टी.त मल्लाप्पा सगळी वाट भेटेल त्याला सांगत होता, सायकली आता माघारी आणायच्या नाहीत.


शु. पंचमी

मल्लाप्पा गेला. सायंकाळी, दुकानात, तागडीपुढे बसलेला असताना. गिऱ्हाईक सांगत होते, "शेंगदाणे तोलता तोलता मान खाली घातली. आमाला वाटलं, काटा बघायलेत."

लिहवत नाही.


शु. षष्ठी

त्यांच्या शेतात समाधी दिली. बसलेला, तळहातावर इष्टलिंग, कपाळावर विभूती. उंच माणूस, खड्डा पुन्हा उकरावा लागला. जंगमांनी मंत्र म्हटले. मला आयुष्यभराची स्तोत्रे मुखोद्गत, त्यांतले एकही ओठांवर आले नाही. मूठभर माती तेवढी लोटली.

मित्रासाठी शास्त्र स्नानापलीकडे फारसे काही सांगत नाही. स्नान केले. तरी देवघराकडे पाय वळेना.


शु. अष्टमी

पुण्याहून चिरंजीवांचा फोन. "आप्पा, आता तो विषय संपला ना?" म्हटले, संपला.

दुपारी आक्काचा. "बापू, ह्या सायकलींचं काय करू? लेकरं दिसभर घंट्या वाजवतेत. ऐकवत न्हाय रे मला."

ग्रंथ काढून बसलो. प्रस्थान ठेवल्यावर जाणे लांबले तर काय करावे, ते आहे. ठेवणाराच उरला नाही तर त्याच्या वस्तूचे काय, हे कोठेही नाही.

मल्लाप्पाच्या घरी गेलो. वहिनींना म्हटले, सायकल घरी पाठवून देतो.  त्या म्हणाल्या, "भावजी, माघारी आनायची नस्ती, हे तुमीच सांगितलं ना त्येनला? येईल त्या गिऱ्हाइकाला त्येच सांगत बसले हुते. मग आता कशी आनता?"

मी जायला उठलो, तर त्याच पुढे म्हणाल्या,

"त्र्यंबकला न्या. फुडचं बसवण्णा बघंल." आणि आत जाऊन दुकानातली गोणपाटे घेऊन आल्या. "रेल्वेत गुंडाळाया लागतेत म्हनं. त्येनीच काढून ठिवली हुती."

ठरविले. दोन्ही सायकली तेथे न्यायच्या, मंडळींच्या स्वाधीन करायच्या आणि परतायचे. चालविण्याचे बळ अंगात नाही, मनात तर मुळीच नाही.


शु. दशमी, सोलापूर स्थानक

नळदुर्गहून तुरीच्या पोत्यांवर सायकली टाकून एका पिकअपमधून आलो. आक्काने दोन्ही सायकलींच्या चाकांवर पाणी घातले.

चालक बोलका. "गुरुजी, सायकली दोन अन् मानूस एकच?"

"दुसरे येतायत," असे तोंडून निघून गेले.

"मागनं यायलेत व्हय? मंग ठीक. एकट्यानं कुटं जायाचं न्हाई ह्या वयात." पुढे सोलापूरपर्यंत तो त्याच्या सासऱ्याच्या गुडघ्यांविषयी सांगत राहिला. मी रस्त्याकडे पाहत होतो. उभ्या आयुष्यात इतके सहज असत्य बोललो नव्हतो.

पार्सलच्या खिडकीशी दोन्ही सायकली गोणपाटात शिवून घेतल्या. गोणपाटाला शेंगदाण्याचा वास, त्याच्या सदऱ्याला यायचा तोच. शिवल्यावर कोणती कोणाची, मलाच ओळखू येईना. दोन्ही माझ्या नावावर.


शु. एकादशी, मनमाड

उपवास. गाडी येथे फार थांबत नाही. हमालाने हाताला लागली ती सायकल उतरविली. दुसरी पोत्यांखाली अडकली होती. तो ओढत असतानाच गाडी हलली, त्याला उडी टाकावी लागली. त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

गोणपाट उसवले. सीटखाली तीन पांढरे पट्टे.

माझी पुढे गेली. घरी आणायची नव्हती ती त्याची सायकल माझ्यापाशी राहिली.

स्टेशनातल्या बाबूंनी पुढे फोन लावला. "बाबा, पुढच्या स्टेशनला उतरवून ठेवतील. चार दिवसांनी जाऊन घेऊन या." मान हलविली आणि बाकावर बसून रडलो. पंचमीपासून प्रथमच.

हमाल चहा घेऊन आला. "बाबा, सायकलीपायी रडता काय? मिळंल की."

होय, म्हणालो. चहा उपवासाला चालतो. प्यालो.


शु. चतुर्दशी, त्र्यंबक

पोहोचलो. दोन दिवस मनमाडलाच मोडले; मग नाशिकपर्यंत टेम्पो, पुढे आणखी एक. शेवटचा रस्ता सायकल हाती धरून चाललो. मल्लाप्पाचे पाय लांब. त्याच्या सीटवर बसून माझी बोटेही जमिनीला टेकत नाहीत.

कुशावर्तावर स्नान केले. त्याच्या नावाने ओंजळभर पाणी सोडले. त्यांच्यात तर्पण नाही, हे ठाऊक असून सोडले. तो असता तर म्हणाला असता, "आता आमाला बुडवता का गुरुजी?"

मंडळींची पुढारी एक तरुण मुलगी आहे, आमच्याशी फोनवर बोलायची तीच. पाहताच म्हणाली, "काका! दुसरे काका कुठेत?"

सांगितले. ती खालीच बसली, पायरीवर. म्हणाली, "फोनवर मला म्हणाले होते, गुरुजींना चढावर दम लागतो, पण कबूल करत नाहीत, त्यांच्याकडे लक्ष ठेव."

माझ्याविषयी असे तो बोलला, हे मला ठाऊक नव्हते.

"मग तुम्ही येताय ना?"

"केवळ ही पोहोचवायला आलो. माझी सायकल रेल्वेत पुढे गेली."

"मग हीच घ्या. सीट खाली घेते, दोन मिनिटांचं काम आहे." तिने पाना काढलाही.

दांडी नळीत सरकली की पट्टे आत जाणार, पुसले जाणार. "सकाळी पाहू," म्हणालो. तिने पाना माझ्या हाती दिला व निघून गेली.


पौर्णिमा, त्र्यंबक

स्नान, संध्या झाली. आज देवाची पूजाही हातून घडली, पंचमीनंतर प्रथम.

वहिनींचा फोन आला होता. "भावजी, निघाली का?" सायकलीविषयी विचारले, माझ्याविषयी नाही. म्हटले, निघते आहे.

मग त्या म्हणाल्या, "चढाला उतरून चालत जावा."

बाहेर मंडळी जमली आहे. कोणी घंटी वाजवून पाहतो, कोणी हवा भरतो. मी सायकल ओसरीत भिंतीला टेकविली आहे. बोल्ट सैल केला. दांडी डाव्या हाताने धरली आहे, अजून खाली सोडलेली नाही. पट्टे काल होते तसेच आहेत. बाहेरून ती मुलगी हाक मारते आहे.

हे लिखाण पुढे कोणाच्या हाती पडले, तर त्या वाचणाऱ्याचे आई तुळजाभवानी कल्याण करो. त्याची वाट निर्विघ्न असो, आणि निघाला तेथून पोहोचेपर्यंत त्याचा सोबती त्याच्या शेजारी असो.