मुदत टळल्यावर आलेलं

दादा, मुदत टळल्यावर दोन गोष्टी आल्या. एक माझी, एक दिवस उशिरा. ती परत गेली. दुसरी नगरच्या एका गृहस्थांची, पाच दिवस उशिरा. ती आत घेतली, आणि तिच्यापायी घोडेगावाकडच्या एका सप्ताहात दुपारी दोनच्या वीणेच्या पहाऱ्याला कुणाचं नावच पडलं नाही. वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणून आधीचा माणूस बिचारा आणखी तासभर तसाच उभा राहिला.

तुम्ही पहाऱ्यांची यादी वहीत करायचात आणि मुदत संपली की खाली रेघ ओढायचात, आता यादी मोबाईलवर होते. तुमच्या नातवानं पुण्यात बसून त्याचं सॉफ्टवेअर केलं आणि सगळ्यांना मोकळं ठेवलं. कुणीही फुकट वापरावं, आतलं उघडून बघावं, नवी सोय सुचली तर करून पाठवावी. तो तपासून आत घेतो. कुणी काय कधी पाठवलं याची नोंद माझ्याकडे, मॅट्रिकपर्यंत शिकले ते तेवढं कामी येतं. सप्ताहांचे दिवस जवळ आले की तो एक तारीख ठरवतो. त्यानंतर फक्त चुका दुरुस्त करायच्या, नवीन काही घ्यायचं नाही.

यंदा आमच्या तिसगावात पहिल्यांदाच बारा बायकांना दिवसाचे पहारे मिळाले. पण ऐन वेळी अडचणीचे दिवस आले तर बाईनं सांगायचं काय, आणि तेही मंडळाच्या पुरुषांना? म्हणून कारण न विचारता दोघींना आपसात तास बदलता यावा, एवढीच माझी सोय. मी रकाने आखून दिले, जावेच्या लेकीनं ते संगणकात बसवलं. अशी सोय चालेल का विचारलं, तर "आधी घरात विचारते, वहिनी," यातच बायकांनी आठवडा घालवला, म्हणून उशीर झाला.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कालच मुदत संपली. पुढच्या वर्षी घेऊ."

"एकच दिवस रे."

"तूच सांगायचीस ना, आजोबांची रेघ म्हणजे रेघ?"

सांगायचे खरी. नववीत असताना मी तुमच्या यादीत रेघेखाली मैत्रिणीच्या वडलांचं नाव हळूच घातलं होतं. तुम्ही ओसरीवर बसला आहात, हातात दाढीचं पातं, कागद न फाडता ते नाव खरवडताय. "उद्या सरपंच आला तरी न्हाई घेनार. देवाच्या कामात तुजं-माजं न्हाई." मी रडते आहे आणि तुम्ही फुंकर मारून भुगा उडवताय.

चार दिवसांनी वहीत त्या गृहस्थांची नोंद करायची वेळ आली. यादीत देणगीदारांचे फोटो दाखवायची सोय, आणि ती आत घेतलेली. मी मुलाला लगेच फोन लावला.

"अगं, ते वर्षभर माझं अर्धं काम ओढतात. नाही म्हटलं तर सोडून जातील."

"आणि मी कुठं जाणार न्हाई, म्हणून मला नाही म्हणायचं?"

"आई, तसं नाही गं."

मी फोन ठेवला. आमच्या बारांतल्या चौघींनी नावं काढून घेतली. एक म्हणाली, "त्या माळकऱ्यांपुढं मी काय सांगू, वहिनी? नगंच ते." त्यांचे तास पुरुषांना गेले.

पोटचा मुलगा, दादा. परक्यानं केलं असतं तर नामस्मरण करून विसरले असते. जपाला बसते आणि मणी तसाच बोटात राहतो.

मुदत हवी, हे मलाही कळतं. फोटोंनी यादीतलं एक नाव गिळलं ते दिसलंच, माझ्या रकान्यांनीही कदाचित तेच केलं असतं. तुम्ही गेल्यावर हे पत्र टपालपेटीत टाकून उपयोग नाही, म्हणून खरं लिहिते. त्यानं माझं घेतलं असतं आणि त्या गृहस्थांना परत पाठवलं असतं, तर मी मुदतीचं नावसुद्धा काढलं नसतं. यादी करताना तुमच्या मनात असं तुजं-माजं कधी आलं होतं का, तेवढं उलट टपाली कळवा.