ताराकाकूंचं ताट

२६ जानेवारी १९६३
शाळेपुढची रांगोळी याही वर्षी मीच काढली. हेडमास्तर विचारायला आले आणि दारातच घुटमळले. मी म्हटलं, काढते की, त्यात काय. अशोकचक्र काढताना एक आरा जाड झाला. कुणी बघितलं नसेल.
तार आल्यापासून गावात एकच शब्द. बेपत्ता. चीनच्या लढाईत हे बेपत्ता. आत्याबाई येईल त्याला सांगतात, "बेपत्ता म्हंजी पत्ता गावंना. जिता हाय माजा ल्योक." मामंजी स्वतः पलटणीतून पेन्शनीत आलेले. ते तार खिशात घेऊन हिंडतात.
संक्रांतीला शेजारच्या ताराकाकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं होतं. हळद लावली आणि कुंकवाचं बोट तसंच थांबलं. पापणी लवेपर्यंतच. मग लावलं. काकूंची माझ्यावर माया आहे, म्हणून जास्त लागलं.

गुढीपाडवा
गुढीला माझ्या लग्नातला खण. आत्याबाईंनी दाराला तोरण, भिंतीला गेरू, उंबऱ्याला हळदीची बोटं, सगळं केलं. "घर भरल्यावानी दिसाय पायजे. दारात आला म्हंजी त्येला असं वाटाय नगं..." तोरण पुन्हा सरळ केलं.
कडुनिंब खाल्ला. कडू लागला नाही.

वटपौर्णिमा
चीननं धरलेले आपले कैदी सुटून आले. त्यात शिरवळकडचा एक ह्यांच्याच पलटणीतला निघाला. मामंजी यष्टीनं जाऊन त्याला भेटून आले. आले, पाय धुतले, पाणी प्याले.
आत्याबाई : "काय म्हनला?"
"त्येला काय ठावं न्हाई."
एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून बघतच नाहीत.
वडाला दोरा गुंडाळला. सात जन्म मागायचे म्हणे. मला ह्याच जन्माचं तेवढं कळू दे.

१५ ऑगस्ट
आज झेंड्यापाशी सत्कार. माझा. सरपंचांनी साडी दिली, राखी रंगाची. हिरवी द्यावी तर पंचाईत, पांढरी द्यावी तर पंचाईत. वडूजच्या दुकानात रंग शोधताना बिचारे घामाघूम झाले असतील. मला हसूच फुटलं. पदर तोंडाला लावला तर बायकांना वाटलं रडते.
टेबलावर ह्यांचा वर्दीतला फोटो ठेवला होता. हेडमास्तरांनी त्याला हार घातला. आत्याबाई बायकांतून उठल्या त्या तडक पुढे.
"हार कुनी घाटला? जित्या मानसाच्या फोटूला?"
हार काढला, झेंड्याच्या काठीशी ठेवला. म्हणाल्या, "हितं ऱ्हाऊ द्या. ह्येच्यापायीच गेलाय त्यो."
गेलाय म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. मग हळूच, "नोकरीला."
कुणी मान वर केली नाही. मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं. साडी ट्रंकेत तळाशी टाकली.

गणेश चतुर्थी
मखर गेल्या वर्षीचंच. हे रजेवर होते तेव्हा पुठ्ठा कापून, जिलेटीनचा कागद लावून केलेलं. एका कोपऱ्यात खळीत ह्यांचा अंगठा उमटलाय, तसाच वाळलाय. आत्याबाईंनी त्यावर बेगड लावली, पताका लावल्या, आणखी पताका लावल्या, शेवटी गणपती दिसेना. मी अंगठ्यावर बेगड लावू दिली नाही. त्यावरून बोलाचाली.
आरतीला हात जोडले, पण मागायचं काय? यावेत म्हणायचा धीर होत नाही. काय ते कळावं म्हणावं तर त्याची जास्त भीती.
मोदक बरे झाले होते.

धनत्रयोदशी
मामंजी बाजार करून आले. पिशवीत मीठ, मिरची, काड्यापेटी. रवा नाही, गूळ नाही, तेल नाही. आत्याबाईंनी पिशवी उलटी करून झटकली.
"तळनाचं कुटं हाय?"
"औंदा ऱ्हाऊ द्या."
ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरी त्या वर्षी दिवाळीचं तळत नाहीत. हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे शिरवळकडच्या त्या माणसाला ठाऊक होतं. म्हणजे मामंजी तेव्हापासून एकटेच...
आत्याबाई उठल्या. कामट्यांचा जुना आकाशकंदील काढला, फाटके कागद चिकटवले, स्वतः स्टुलावर चढून टांगला. वर कंदील, खाली कढई थंड. येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय समजावं?

नरकचतुर्दशी
सकाळी ताराकाकू ताट घेऊन आल्या. करंज्या, चकल्या, लाडू, वर विणलेला रुमाल. एरवी देवघेव असते, असं सकाळीच भरलेलं ताट दुखवट्याच्या घरीच जातं. त्यांना तळणाचा वास आला नाही, त्या काय समजायचं ते समजल्या. डोळे भरलेले. "पोरी, ठिव आत. औंदा तुमच्याकडं काय केलं नसंल."
आत्याबाई न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर. "तारा, वर कंदील दिसंना का तुला? आमच्यात कोन मेलं न्हाई. उचल त्ये."
काकू रडत गेल्या. ताट ओट्यावरच राहिलं. उन्हात मुंग्या लागतील म्हणून मी आत आणलं. फडताळात ठेवलं. रुमाल काढला नाही.

पाडवा
पाट मांडला. भोवती रांगोळी. आत्याबाईंनी पाटावर फोटो ठेवला. "ववाळ."
निरांजन घेऊन उभी राहिले. हात उचलेना. तूप सरलं, वात विझली, तशीच उभी. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.
मला ह्यांचा राग येतो. मरायचं तर नीट मरावं, घरी कळवावं. असलं लिहिते आणि रडते. फोटो पुसून जागेवर ठेवला.

भाऊबीज
सांगलीहून दत्तू आला. ओवाळलं. भावाच्या तोंडात गोड घालायचं तर घरात साखरेचा कण नाही. फडताळ उघडलं. रुमाल काढला. करंजी मोडून अर्धी त्याला दिली.
चावता चावता थांबला. "आक्का, ही तुझ्या हातची न्हाई." मग त्याला उमगलं. "माझ्याबरोबर चल. किती दिवस अशी बसणार?"
उरलेली अर्धी मी खाल्ली. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं ओरडतील.
"खाल्लीस?"
"व्हय."
दत्तू एकटाच दुपारच्या गाडीनं गेला. उरलेलं सगळं डब्यात काढलं. आत्याबाईंनी ताट स्वतः घासलं, राखेनं, दोनदा. माझ्या हातात दिलं. "रिकामं धाडू नगं. आपल्यात रिकामं देत न्हाईत."
दुखवट्याच्या घरानं ताट रिकामंच द्यायचं असतं. त्यांनाही ठाऊक आहे. भरून द्यायचं तर घरात तळायला हवं.
मामंजी पायताण घालून अंगणात उभे होते. म्हणाले, "उद्या वडूजला चाललोय. रवा-त्याल आनायचं का न्हाई, त्येवढं तू सांग." आणि माझ्याकडे बघितलं. वटपौर्णिमेनंतर पहिल्यांदा.
म्हटलं, सांगते.
ताट पुसून पालथं घातलंय. कंदील आत्याबाईंनी आजही लावला. मामंजी दोनदा येऊन गेले. अजून सांगितलं नाही.